उद्याचा पाऊस आणि २१०० सालचा उन्हाळा: हवामानाच्या मॉडेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात हवामान मॉडेलच्या आकड्यांवर काम करते. लग्नकार्यात, एसटीत, गावच्या पारावर कुणाला हे कळलं की प्रश्न सुरू होतात. बरेचसे प्रश्न मनात रागही ठेवून विचारलेले असतात, आणि त्या रागामागे कुणाची तरी बुडालेली पेरणी किंवा पाण्यात गेलेलं दुकान असतं. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

मॉडेल म्हणजे नेमकं काय? मागच्या वर्षांचे आकडे बघून बांधलेला अंदाज का?

नाही. आधी वातावरणाचे चौकोनी डबे पाडायचे, आडवे आणि उभे. प्रत्येक डब्यात या क्षणाचं तापमान, दाब, बाष्प आणि वारा भरायचा. मग भौतिकशास्त्राचे नियम लावायचे: दाबातल्या फरकाने वारा किती ढकलला जाईल, वर चढलेली हवा किती थंड होईल, बाष्पाचं पाणी होताना किती उष्णता बाहेर पडेल. त्यातून काही मिनिटांनंतरची स्थिती मिळते. ती धरून पुढची काही मिनिटं, आणि असंच पुढे पुढे.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा हाताने करून पाहिलं. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर होता, आणि त्या धामधुमीत त्याने २० मे १९१० या दिवसातल्या सहा तासांचं गणित मांडलं. उत्तर आलं की दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. एवढा बदल तर भीषण चक्रीवादळातही सहा तासांत होत नाही. तरी १९२२ मध्ये त्याने ते चुकलेलं उत्तर, सगळ्या आकडेमोडीसह, छापलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. चूक नियमांत नव्हती, सुरुवातीच्या नोंदींतला गोंधळ गाळून न घेतल्यामुळे ती आली होती, आणि हे पुढच्यांना शोधता आलं ते त्याने काहीच लपवलं नाही म्हणून.

१९५० मध्ये अमेरिकेत चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक या संगणकावर पहिले अंदाज काढले. २४ तासांचा अंदाज काढायला साधारण २४ तासच लागले. त्यांच्या डब्याची जमिनीवरची चौकट एका बाजूला सातशे किलोमीटरहून मोठी होती. क्षेत्रफळाने बघितलं तर अख्खा महाराष्ट्र त्यांच्या एका चौकटीत मावला असता.

मग माझ्या गावाचा पाऊस का चुकतो?

कारण मॉडेलला तुमचं गाव दिसतच नाही, त्याला चौकट दिसते.

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर. जागतिक हवामान बदलाच्या मॉडेलमध्ये चौकट १०० किलोमीटरची धरली, तर आपलं राज्य ३१ चौकटींत संपतं. १२ किलोमीटरची धरली तर सुमारे २,१०० चौकटी होतात, आणि ६ किलोमीटरची धरली तर साडेआठ हजार. एका चौकटीला एकच तापमान, एकच पाऊस आणि जमिनीची एकच उंची.

आता दापोलीच्या किनाऱ्यापासून महाबळेश्वर ओलांडून वाईपर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. १०० किलोमीटरच्या एका चौकटीत हे सगळं बसतं: समुद्र, कोकण, सह्याद्रीचा कडा आणि पलीकडची पर्जन्यछाया. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून खाली उतरलं की पाचगणीला त्याच्या निम्माही होत नाही, आणि वाईला त्याहून कितीतरी कमी. मॉडेलमधला सह्याद्री मात्र काही शे मीटरचा पसरट उंचवटा असतो. वारा त्याला अडत नाही, अलगद वर जाऊन पलीकडे उतरतो. त्यामुळे घाटमाथ्यावर पडायला हवा तो पाऊस मॉडेल कमी दाखवतं, आणि जिथे पडायला नको तिथे थोडा शिंपडतं.

आणखी एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. चौकट ६ किलोमीटरची असली म्हणजे ६ किलोमीटरचा ढग दिसतो, असं नाही. एखादी गोष्ट मॉडेलमध्ये नीट उमटायला ती पाच-सात चौकटींवर पसरलेली असावी लागते. म्हणजे ६ किलोमीटरच्या मॉडेलला खऱ्या अर्थाने दिसतं ते ३०-४० किलोमीटरचं. वळवाचा एकटा ढग त्याच्या जाळीतून निसटतो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहरात, लोकलने तासाभराच्या अंतरावर. त्या दिवशी "मुंबईत पाऊस किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नव्हतं. अशा वेळी पुढच्या दोन-तीन तासांसाठी मॉडेलपेक्षा रडारचा आधार मोठा असतो, आणि मुंबईत आता कुलाबा आणि वेरावली अशा दोन ठिकाणी डॉप्लर रडार आहेत.

मग चौकट आणखी लहान का करत नाहीत?

करतातच, पण त्याची किंमत फार पटकन वाढते. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय वेळेचं पाऊलही लहान करावं लागतं, कारण वाऱ्याने एका पावलात एक चौकट ओलांडून पलीकडे उडी मारली तर गणित फुटतं. म्हणजे काम आठपट. उभे थरही वाढवले तर त्याहून जास्त. १०० किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायचं तर आकडेमोड दहा लाख पटीने वाढते.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' हा महासंगणक आला. २०२४ मध्ये 'अर्क' आला, त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. याच संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी जाहीर झाली. आधीच्या १२ किलोमीटरऐवजी उष्णकटिबंधात तिची चौकट सुमारे ६ किलोमीटरची आहे. बारा किलोमीटरच्या एका चौकटीत आता चार बसतात. शेजारशेजारच्या तालुक्यांना वेगवेगळा पाऊस दाखवण्याइतकी नजर त्यामुळे येते.

चौकटीपेक्षा लहान गोष्टींचं काय होतं?

या कामातला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच.

ढगातला थेंब साधारण एक शतांश मिलिमीटरचा. असे दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. कुठलाही महासंगणक हे थेंब एकेक करून मोजू शकत नाही. म्हणून चौकटीतल्या एकूण स्थितीवरून आत काय चाललं असेल ते ठरवणारे नियम लिहावे लागतात: एवढं बाष्प आहे, खालची हवा एवढी तापली आहे, तर चौकटीच्या इतक्या भागात ढग असतील आणि त्यातून इतका पाऊस पडेल. या नियमांत मॉडेलच्या बऱ्याचशा चुका दडलेल्या असतात. अनेक मॉडेलमध्ये पाऊस दुपारी फार लवकर सुरू होतो आणि रिमझिम जास्त दिवस पडत राहते. खरा पाऊस दिवस कमी घेतो आणि कोसळतो जास्त.

हे नियम सुधारायचे तर ढगात जावं लागतं. महाबळेश्वरला २०१२ पासून याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग दारातूनच आत येतो, आणि छतावरची उपकरणं त्यातले थेंब मोजतात, आकारासकट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता आणि चष्मा दर मिनिटाला पुसावा लागत होता. पुण्यात पडद्यावर "ढगांचं प्रमाण ०.८" असा आकडा रोज बघणारी मी, त्या आकड्याच्या आत उभी होते.

दहा दिवसांपुढचं नीट सांगता येत नाही, मग २१०० सालचं कुठल्या तोंडाने सांगता?

हा प्रश्न रास्त आहे, आणि मराठीत तो जास्तच गोंधळाचा होतो. उद्याच्या पावसालाही आपण 'हवामान' म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही 'हवामान'च.

१९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने संगणकावर हवामानाचं एक गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा टाकला. थोड्या वेळाने दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. सुरुवातीची बारीकशी चूक फुगत जाते, आणि साधारण दोन आठवड्यांनी अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस हे सांगण्यात अर्थ राहत नाही. उपकरणं कितीही चांगली आणली तरी ही मर्यादा फारशी सरकत नाही.

पण वारी बघा. आळंदीहून निघालेला एखादा वारकरी उद्या दुपारी कुठे असेल हे सांगता येईल. बाराव्या दिवशी दुपारी तो कुठल्या झाडाखाली टेकला असेल हे कुणीही सांगू शकणार नाही. आषाढी एकादशीला पालखी पंढरपुरात असेल, हे मात्र आजच सांगता येतं, कारण ते एकेका पावलावर ठरत नाही, मार्ग आणि तिथी यांवर ठरतं. हवामानाच्या दीर्घ सरासरीचा मार्ग सूर्य, समुद्र आणि हवेतले वायू ठरवतात. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगाआधी दहा लाख भागांत २८० होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. मार्गच वळला की सगळ्या दिंड्या त्या बाजूला वळतात.

१९६७ मध्ये स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या शास्त्रज्ञांनी वातावरणाचा फक्त एक उभा स्तंभ घेतला, नकाशा नाहीच. कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, आणि स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, मात्र थंड होईल, असं उत्तर आलं. पुढच्या दशकांत खाली तापणं आणि वर थंड होणं, दोन्ही मोजमापांत दिसलं. मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. एका स्तंभाच्या मॉडेलला साताऱ्यातला उद्याचा पाऊस विचारला तर ते मुकं आहे. पृथ्वी किती तापेल हे विचारलं तर त्याने साठ वर्षांपूर्वी जवळपास बरोबर सांगितलं.

"यंदा सरासरीच्या १०६ टक्के पाऊस" म्हणजे आमच्याकडे चांगला पाऊस, हो ना?

नाही, आणि हे मी अगदी कळवळून सांगते.

तो आकडा पूर्ण देशासाठी आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी असतो. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. त्यात मेघालयही आलं आणि मराठवाडाही. त्यातून तुमच्या तालुक्याचा जून कळत नाही.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या माझ्या मामांनी एका वाहिनीवर "यंदा भरपूर पाऊस" असा ठळक मथळा पाहिला. मृगात एक बरी सर झाली आणि त्यांनी सोयाबीन पेरलं. कोंब वर आले, दोन पानांवर आले, आणि आभाळ कोरडं पडलं. तीन आठवड्यांनी त्यांनी मला फोनवर विचारलं, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरनं तर चांगलं सांगितलं होतं ना गं?" दुबार पेरणी झाली, बियाणं उधारीवर आणलं. त्या हंगामात देशाचा पाऊस खरोखरच सरासरीच्या वर गेला. अंदाज बरोबर होता आणि माझ्या मामांचं शेत बुडालं, दोन्ही खरं आहे. चार महिन्यांच्या, देशभराच्या अंदाजाला आम्ही एका शेतातला, एका आठवड्याचा प्रश्न विचारला होता. पेरणीसाठी कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल आल्यावरच हात घाला असं सांगतो, ते यासाठीच.

मोसमी अंदाज मुळात जमतो तरी का? याचं उत्तर १९८१ मध्ये चार्नी आणि आपले जगदीश शुक्ल यांनी दिलं. उष्णकटिबंधात मोसमी पावसाची एकूण तऱ्हा बरीचशी समुद्राच्या तापमानासारख्या संथ गोष्टींवर अवलंबून असते, आणि समुद्र वाऱ्यासारखा दोन दिवसांत बदलत नाही. प्रशांत महासागरात एल निनो आला, म्हणजे तिथलं विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की आपल्याकडे पाऊस ओढ देण्याची शक्यता वाढते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा एल निनो होता. तरी चुका होतात. २००९ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज होता, पाऊस झाला ७८ टक्के.

आठवड्यापुढचं आणि हंगामाअलीकडचं काही मिळतं का? पावसाचा खंड कधी पडेल?

मिळतं, आणि माझ्या मते शेतकऱ्याला सगळ्यात उपयोगी अंदाज हाच आहे, तरी तो सगळ्यात कमी वाचला जातो. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्याचा आधार म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा ढगांचा प्रचंड पट्टा. मॅडन आणि ज्युलियन यांनी तो १९७१ मध्ये ओळखला. ३० ते ६० दिवसांत तो पृथ्वीला फेरी मारतो. हिंदी महासागरावर आला की आपल्याकडे पाऊस जोर धरायला मदत होते, पुढे सरकला की उघडीप येऊ शकते.

पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात, तिसरा आणि चौथा फक्त कल दाखवतो. त्यात "बुधवारी पाऊस" असं शोधू नका. "पुढचा आठवडा सरासरीपेक्षा कोरडा" एवढंच त्यात असतं, आणि पेरणी चार दिवस थांबवायची की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, आजवरचा सगळ्यात लवकर, आणि मग पुढची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळली. मेच्या पावसावर पेरायचं की नाही, हा प्रश्न त्या वर्षी लाखो घरांत होता.

"४० टक्के शक्यता" म्हणजे काय? पडणार की नाही ते सांगा ना.

मॉडेल एकदा नाही, अनेकदा चालवतात. प्रत्येक वेळी सुरुवातीचे आकडे किंचित हलवून. आपल्याकडच्या १२ किलोमीटरच्या अशा संचात २१ अंदाज निघतात. २१ पैकी साधारण आठांनी तुमच्या भागात पाऊस दाखवला तर शक्यता ४० टक्क्यांच्या जवळ. सगळे अंदाज एकाच बाजूला असतील तर निश्चिंत व्हा, विखुरलेले असतील तर निसर्गच अजून ठरवत नाहीये असं समजा. कांदा उघड्यावर पडला असेल तर ४० टक्के पुष्कळ झाले, ताडपत्री टाका. लग्नाचा मांडव असेल तर आणखी एक दिवस थांबून बघा.

मोबाइलवरचं ॲप दर तासाचा पाऊस दाखवतं. खरं मानू का?

तापमान आणि वारा बऱ्यापैकी खरा माना. "दुपारी ३ ला पाऊस" हे मानू नका. बहुतेक ॲप एखाद्या जागतिक मॉडेलच्या मोठ्या चौकटीतला आकडा तुमच्या गावाच्या नावावर चिकटवतात. ॲपला गावाचं नाव माहीत असतं, गावामागचा डोंगर माहीत नसतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मग ही जुनी मॉडेल मोडीत निघणार का?

इतक्यात नाही, पण बदल मोठा आहे. २०२३ मध्ये आलेलं 'ग्राफकास्ट' हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढतं. ते भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवत नाही. १९७९ ते २०१७ या काळातल्या रोजच्या हवामानावरून ते शिकलेलं आहे. पण तो रोजच्या हवामानाचा साठा कुठून आला? जुन्याच मॉडेलमध्ये जगभरच्या नोंदी घालून तो तयार केलेला आहे.

२०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशा मॉडेलच्या मदतीने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले, आणि वाटचाल मध्येच थांबेल हे त्यात आलं होतं. मला याचा मनापासून आनंद आहे. काळजी एकाच गोष्टीची वाटते: जो पाऊस शिकवणीच्या वर्षांत कधी पडलाच नाही, तो ही मॉडेल कितपत ओळखतील? तापत्या जगात असे पाऊस वाढणार आहेत.

हवामान बदलाच्या मॉडेलवरून आमच्या जिल्ह्याचं काय सांगता येईल?

काही गोष्टी ठामपणे, काही जपून.

तापमान वाढेल हे ठाम. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलंच आहे. एक अंशाने तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पाऊस वाढेल हेही बऱ्यापैकी ठाम. पुण्यातल्याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्याच सुमाराच्या काळात, १९५१ ते २०१५, देशाचा मोसमी पाऊस एकूण मिळून सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात जास्त ठळक होती. पाऊस कमी आणि तडाखे जास्त, हे एकत्र होऊ शकतं, झालंही.

"२०५० मध्ये बीड जिल्ह्यात अमुक मिलिमीटर पाऊस" असं कुणी सांगितलं तर मात्र सावध व्हा. बहुतेक जागतिक मॉडेल भारताच्या भूमीवर पाऊस कमी पाडतात आणि विषुववृत्तालगतच्या समुद्रावर जास्त. त्यांची मोठी चौकट फोडून २५-५० किलोमीटरची प्रादेशिक मॉडेल चालवतात. त्याने सह्याद्री उंच होतो, पण मूळ मॉडेलने वारा चुकीच्या दिशेने पाठवला असेल तर लहान चौकट ती चूक फक्त जास्त बारकाईने काढते. म्हणून एका मॉडेलवर धरण किंवा पीकपद्धत ठरवू नये, अनेक मॉडेलची रेंज बघावी. हवा, समुद्र, जमीन असं सगळं एकत्र धरणारं पुण्यात तयार झालेलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल हे जगभरच्या हवामान बदल मॉडेलच्या तुलनेत भारतातून उतरलेलं पहिलं, आणि त्यात आपला मोसमी पाऊस नीट उमटावा यावर मुद्दाम मेहनत घेतलेली आहे.

आमच्या गावात पाऊस मोजला तर त्याचा काही उपयोग होतो का?

फार होतो. मॉडेल सुरू करायला नोंदी लागतात आणि तपासायलाही. राज्यात महसूल मंडळांत मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत, तरी घाटमाथ्यावर दोन केंद्रांमध्ये आख्खी खोरी रिकामी राहतात.

दोन वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात निवृत्त शिक्षकांनी मला त्यांच्या वह्या दाखवल्या. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला, छत्री घेऊन, अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि लिहायचं. बावीस वर्षं. ताप आला तेव्हा सुनेने लिहिलेलं, अक्षर वेगळं. त्या वह्यांची पानं मी मोबाइलवर टिपून आणली आणि आमच्या मॉडेलच्या चौकटीशी ताडून पाहिली. जुलैमध्ये मॉडेल जवळजवळ निम्मा पाऊस कमी दाखवत होतं. त्या चौकटीत जमिनीची उंची २३० मीटर धरलेली होती, आणि गुरुजींच्या अंगणातून मान वर करून बघावं लागतं तो कडा त्या चौकटीत नव्हताच.